आजी ऐकू येत नाही, धुमाल मात्र कान फाडतो

घरच्या लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला की एका माणसाला रिमोट हातात धरून का बसावं लागतं? आजी बोलायला लागली की आवाज चाळीसवर न्यायचा आणि वरातीतला धुमाल सुरू झाला की धावत दहावर आणायचा. मधल्या काळात बाळ दचकून उठतं ते वेगळंच. चित्र आता स्वस्त मोबाइलवरही झकास येतं. आवाजाचं घोडं मात्र अडतं, आणि ते अडतं एडिटिंगच्या टेबलावर. बहुतेक जण तिथे एकच गोष्ट करतात: ज्या क्लिपचा आवाज कमी वाटतो तिचा स्लायडर उजवीकडे ओढतात. या प्रकरणात आपण उलट दिशेने जाणार आहोत.

हाताशी एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहू. समजा, नागपूर जिल्ह्यातल्या कुहीतल्या एका घरी मे महिन्यात लग्न झालं. चार नातेवाइकांनी चार मोबाइलवर शूटिंग केलं. पहिली क्लिप वरातीची, समोर धुमाल पार्टी, म्हणजे ढोल बडवत चालणारी वाद्यमंडळी. दुसरी मंगलाष्टकांची, लॉनवर, बिछायतवाल्याच्या भोंग्यातून आलेली. तिसरी घराच्या छपरीत बाजेवर बसलेल्या आजीची. नातवाने विचारलं म्हणून ती तिचं जुनं गाव सांगते आहे, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढे वैनगंगेचं पाणी मागे सरकत आलं तसतशी कुही तालुक्यातली अनेक गावं उठली. चौथी क्लिप दुसऱ्या दिवशीची, नवरदेव-नवरी अंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाला गेले तेव्हाची, वैनगंगेवरच्या नव्या पुलावर घेतलेली. या क्लिपमध्ये बोलण्यापेक्षा वाराच जास्त आहे.

चारांपैकी पुन्हा मिळणार नाही अशी क्लिप आजीची. धुमाल पुढच्या लग्नातही वाजेल.

१. मोबाइलने आधीच केलेली कारागिरी

आपण एडिटिंग सुरू करण्याआधीच एक हात आवाजावर फिरून गेलेला असतो, तो मोबाइलचा. बहुतेक मोबाइल शूटिंग करताना आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतात. समोर गोंगाट असेल तर माइकची संवेदनशीलता घटवतात, शांतता असेल तर वाढवतात. शूटिंग करणाऱ्याला काही कळत नाही, पण त्याचे परिणाम क्लिपमध्ये राहतात.

छपरीत आजीच्या मागे कूलर चालू आहे. नागपूरकडच्या मे महिन्यात तो बंद करा म्हणायची कुणाची छाती नाही. आजी बोलते तेव्हा मोबाइल तिच्या आवाजाला धरून पातळी ठेवतो. ती आठवायला थांबली की मोबाइलला वाटतं, आता शांतता आहे, माइक वाढवू. मग कूलरची घरघर फुगत जाते. आजी पुन्हा बोलली की घरघर दबते. ऐकणाऱ्याला वाटतं कूलरच दम टाकतो आहे. मंगलाष्टकांत याच्या उलट घडतं. ‘सावधान’नंतर वाजंत्री कडाडली की मोबाइल घाबरून माइक खाली आणतो, आणि त्यानंतरचे काही शब्द पुसट होतात.

म्हणून एका क्लिपला एकच आकडा देऊन भागत नाही. क्लिपच्या आतही पातळी हलत असते. त्यावर उपाय सातव्या भागात येईल. त्याआधी मोजपट्टी समजून घेऊ.

२. सॉफ्टवेअरमधले डेसिबल उणे का?

वर्तमानपत्रात डेसिबल हा शब्द गणपती-नवरात्रात भेटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे आकडे शून्याच्या वर जाणारे आहेत. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की मीटरवर दिसतं: उणे ६०, उणे ४०, उणे १२, आणि सगळ्यात वर शून्य. नवखा माणूस इथेच गोंधळतो. शून्य म्हणजे शांतता असेल तर ते वर कसं?

दोन्ही ठिकाणी एकक तेच, पण मोजायची सुरुवात वेगळी. रस्त्यावरचं यंत्र माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून वर मोजतं. सॉफ्टवेअर वरून खाली मोजतं. आपल्याकडे विहिरीचं पाणी असंच मोजतात. ‘पाणी वीस हातांवर आहे’ म्हणजे काठापासून वीस हात खाली. काठ हा शून्य. पाणी जितकं खोल तितका आकडा मोठा. सॉफ्टवेअरमधलं शून्य हा असा काठ आहे. संगणकाला आकड्यात लिहिता येईल असा सर्वांत मोठा आवाज तिथे येतो, त्याच्या वर लिहायला जागाच नाही. आजीचा आवाज उणे २४ वर म्हणजे काठापासून २४ डेसिबल खाली, आणि धुमाल उणे १ वर म्हणजे काठाला टेकलेला.

डेसिबलची मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी सरळ चालत नाही, आणि त्यामागे कारण आहे. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या हवेतल्या दाबात सुमारे दहा लाख पटींचा फरक असतो. कान हा फरक बेरजेने नाही, पटींनी ओळखतो. टेलिफोनच्या तारेत आवाज किती गळतो ते मोजण्यासाठी अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२०च्या दशकात पटी मोजणारं हे एकक बनवलं आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या नावावरून त्याला नाव दिलं. दहा लाख पटी या मोजपट्टीवर १२० डेसिबलमध्ये मावतात.

घरच्या कामासाठी तीनच आकडे लक्षात ठेवले तरी पुरतात. ६ डेसिबल म्हणजे विद्युतसंकेत दुप्पट किंवा निम्मा. १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट किंवा निम्मा वाटणारा आवाज. २० डेसिबल म्हणजे संकेत दहापट किंवा एकदशांश.

३. टक्के आणि डेसिबल

मोबाइलवरच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये डेसिबल क्वचितच दिसतात. तिथे टक्के असतात. मूळ आवाज १०० टक्के आणि स्लायडर बहुधा २०० टक्क्यांपर्यंत. संगणकावरच्या शॉटकट, केडेनलाइव्ह, डाविंची रिझॉल्व्ह यांत डेसिबल दिसतात. तिन्ही फुकट मिळतात (रिझॉल्व्हची विकत घ्यायची मोठी आवृत्तीही आहे, आपल्याला तिची गरज नाही). ओपनशॉटमध्ये पुन्हा टक्केच.

दोन्हींची सांगड बहुतेक ठिकाणी अशी बसते: ५० टक्के म्हणजे उणे ६ डेसिबल, २५ टक्के म्हणजे उणे १२, १० टक्के म्हणजे उणे २०. वरच्या बाजूला २०० टक्के म्हणजे अधिक ६, आणि ४०० टक्के म्हणजे अधिक १२.

आता एक नेहमीची तक्रार सुटते. ‘मी आवाज २०० टक्के केला तरी आजी दुप्पट मोठ्याने बोलत नाही.’ बोलणार नाहीच. २०० टक्क्यांनी ६ डेसिबल वाढले, आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० लागतात. दुसरी तक्रार: ‘पार्श्वसंगीत ५० टक्के केलं तरी ते बोलण्यावर चढतंच.’ त्याचं कारणही तेच. पन्नास टक्के हा आकडा निम्म्यासारखा दिसतो, पण कान त्याला निम्मं मानत नाही.

उदाहरण करून पाहू. आजीचा आवाज उणे २४ वर आहे, तो उणे १२ वर आणायचा. वाढ १२ डेसिबलची, म्हणजे ४०० टक्के. अ‍ॅपचा स्लायडर २०० वर अडतो. तेव्हा आजीच्याच क्लिपचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर अगदी तंतोतंत खाली ठेवायचा आणि दोन्ही २०० वर न्यायचे. दोन एकसारखे आवाज एकमेकांवर पडले की आणखी ६ डेसिबल मिळतात. सरकवताना थोडा फरक पडला तर आजी डब्यातून बोलल्यासारखी वाटेल, एवढं सांभाळायचं. जुगाड आहे, पण चालतो.

मात्र या वाढीत कूलरही वाढला. आजी उणे २४ वर होती तेव्हा तो उणे ४५ वर होता. आता आजी उणे १२ वर आणि तो उणे ३३ वर. दोघांतलं अंतर आधीही २१ होतं, आताही २१ आहे. व्हॉल्यूमचा स्लायडर एका क्लिपमधल्या दोन आवाजांतलं अंतर बदलू शकत नाही. ते अंतर फक्त शूटिंगच्या वेळी ठरतं. उघड्या जागेत माइक आणि माणूस यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो. नातू चार मीटरवर उभा होता. तो एक मीटरवर येऊन बसला असता तर सुमारे १२ डेसिबल तिथेच मिळाले असते, आणि कूलर तेवढा वाढला नसता. चारशे टक्क्यांचं काम तीन पावलांत झालं असतं.

४. काठावरून वाहून गेलेलं

धुमालाची क्लिप उलट आजाराची आहे. मोबाइल पार्टीच्या अगदी पुढ्यात होता आणि माइकने जितकं सोसलं त्याहून आवाज मोठा होता. विहीर काठोकाठ भरली की वरचं पाणी शेतात जातं. आवाजाचंही तसंच. नेहमीच्या सोळा बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक क्षणाचा आवाज उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांमधला एक आकडा म्हणून लिहिला जातो. ढोलाच्या ठोक्याला पन्नास हजार लिहायची गरज पडली तरी ३२,७६७ च लिहिला जातो. लाटेचा गोल माथा कापला जाऊन सपाट होतो. कानाला तो फाटका, खरखरीत, पत्र्यावर ठोकल्यासारखा लागतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

अशी क्लिप पुढे ३० टक्क्यांवर आणली तर आवाज हळू होतो, पण हळू आवाजातही फाटकाच राहतो. वाहून गेलेलं पाणी पातळी खाली नेल्याने परत येत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये कापलेले माथे अंदाजाने गोल करून देण्याची सोय असते. थोडं फाटलं असेल तर तिचा उपयोग होतो, धुमालासमोर तीही हात टेकते.

इथे एक भेद मात्र ओळखला पाहिजे, कारण त्यावरून विनाकारण घाबरणारे पुष्कळ. शूटिंगच्या वेळी फाटलेला आवाज गेला तो गेला. पण टाइमलाइनवर तुम्ही स्वतः आवाज वाढवून किंवा दोन-तीन ट्रॅक एकावर एक ठेवून मीटर लाल केला असेल, तर बरीचशी आधुनिक सॉफ्टवेअरं आत जास्त मोठे आकडे सांभाळून ठेवतात. शेवटचा एकत्रित स्लायडर, ज्याला मास्टर म्हणतात, तो खाली घेतला की माथे शाबूत परत मिळतात. एक्सपोर्ट करण्याआधी हे करायचं. एकदा फाइल बाहेर पडली की मग तिथेही गेलंच.

५. उंची आणि भरणं

आता ‘नॉर्मलाइज’ नावाच्या बटणाकडे वळू. सगळ्या क्लिप निवडून ते दाबलं की आवाज समान होतील असं वाटतं. होत नाहीत. का, हे समजलं तर अर्धी विद्या आली.

साधं नॉर्मलाइज क्लिपमधला सर्वांत उंच क्षण शोधतं आणि तो ठरलेल्या रेषेला टेकेल एवढाच सगळा आवाज वर नेतं. आजीच्या क्लिपमध्ये तिचं बोलणं उणे २४ वर आहे. मध्येच आत स्वयंपाकघरात कुणाच्या हातून स्टीलचा गडवा पडला. तो खणखणाट उणे ३ वर गेला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने या क्लिपचा उंच क्षण म्हणजे गडवा. उणे १ पर्यंत न्यायचं तर फक्त २ डेसिबल वाढवायला जागा. आजी उणे २२ वर आली. फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. दोष बटणाचा नाही. त्याला उंची मोजायला सांगितलं, त्याने मोजली.

उपाय साधा: गडव्याच्या आधी आणि नंतर क्लिप कापायची, तो अर्ध्या सेकंदाचा तुकडा १० टक्क्यांवर आणायचा, मग उरलेली क्लिप वर न्यायची. आजीला १२ डेसिबल बिनधोक मिळतात.

कानाला आवाज मोठा वाटणं हे क्षणिक उंचीवर फारसं अवलंबून नसतं. आवाज किती वेळ, किती भरून आहे यावर असतं. रेडिओवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. १९३९ साली अमेरिकेत प्रसारणासाठी एक सुईचा मीटर प्रमाण म्हणून ठरला. त्याची सुई मुद्दाम सुस्त ठेवलेली होती. क्षणभराच्या टाळीला ती फारशी हलत नसे, बोलण्याच्या सरासरी जोरासोबत मात्र झुले. आकाशवाणीसारख्या केंद्रांत माणसं अशा सुईवर डोळा आणि मुठीवर हात ठेवूनच कार्यक्रम बाहेर सोडत. नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. श्रोत्याला घरी रेडिओची खुंटी पिळावी लागू नये म्हणून तिकडे कुणीतरी सतत पिळत असे.

पुढे टीव्हीवर जाहिराती आल्या आणि उंची व भरणं यांतल्या फटीचा फायदा घेतला गेला. जाहिरातीची उंची मालिकेइतकीच, पण एकही क्षण रिकामा नाही, म्हणून ती अंगावर येते. भारतात १९९४च्या केबल टीव्ही नियमांतच जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं लिहिलेलं आहे. ते किती पाळलं जातं हे प्रत्येक घराला माहीत आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६ साली भरणं मोजायची एक पद्धत ठरली. ती कानाला कमी-जास्त जाणवणाऱ्या स्वरांना वेगवेगळं वजन देते आणि, पुढे झालेल्या सुधारणेपासून, मधल्या शांत जागा सोडून सरासरी काढते. तिचं एकक एलयूएफएस. २०१० साली युरोपातल्या प्रसारकांनी उणे २३ ही पातळी धरली. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वर गेलेला व्हिडिओ दाखवताना स्वतःच खाली आणतं, मात्र हळू व्हिडिओ वर उचलत नाही. सगळं काठापर्यंत कोंबून भरण्यात त्यामुळे काही कमाई नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरच्या नॉर्मलाइजमध्ये ‘पीक’ आणि ‘लाउडनेस’ असे दोन पर्याय असतील तर दुसरा निवडा. नसेल तर कान आहेतच.

६. आधी माणूस, मग बाकीचे

आता प्रत्यक्ष काम. टीव्हीचा किंवा इअरफोनचा आवाज एका सोयीच्या पातळीवर ठेवा आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. हे न पाळल्यामुळे जेवढी कामं बिघडतात तेवढी दुसऱ्या कशानेही बिघडत नाहीत. दर क्लिपला हेडफोनचाच आवाज बदलत गेलात तर कानाला आधार उरत नाही.

मग आजीपासून सुरुवात करा. वरातीपासून नाही, जरी व्हिडिओत ती आधी येणार असली तरी. आजीचं बोलणं मीटरवर उणे १२ च्या आसपास हलतं ठेवा, जोरात बोलली तर उणे ६ पर्यंत जाऊ द्या. ही तुमची पातळी ठरली. बाकी प्रत्येक आवाजाला आता एकच प्रश्न: आजीच्या तुलनेत तू कुठे?

मंगलाष्टकं आजीच्या बरोबरीने. धुमाल आजीपेक्षा थोडा वर, चार-पाच डेसिबल, त्याहून जास्त नाही. तो मुळात काठाला टेकलेला आहे आणि भरलेलाही आहे, म्हणून तो खाली येणार. बहुतेकांना हे पटत नाही. ‘काकाजी, वरातीत मजा नाही राहिली’ असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. वरातीआधी दोन सेकंद शांत प्रसंग ठेवा, नवरदेवाच्या बाशिंगाची गाठ मारतानाचा वगैरे, म्हणजे धुमाल चार डेसिबलनेच वर असूनही अंगावर येईल. कान तुलना करतो, आणि ही तुलना घडवून आणणं तुमच्या हातात आहे.

सगळ्या क्लिप घासूनपुसून एकाच पातळीवर आणणं हीही चूकच. आजी आणि धुमाल अगदी सारखे वाजले तर तो व्हिडिओ खोटा वाटतो.

आता आजीच्या बोलण्याखाली सनई ठेवायची आहे. किती? इंटरनेटवरची माहिती सर्वांना, अपंगांनाही, सहज घेता यावी यासाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सर्वांत काटेकोर पातळीवर एक आकडा दिला आहे: बोलण्याखालचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने कमी. कानाला तो सुमारे चौथाई वाटतो. सनई आणि आजी मुळात सारख्या जोराच्या असतील तर सनईचा स्लायडर १० टक्क्यांवर यायला हवा. पन्नासवर नाही, तीसवरही नाही, दहावर. पहिल्यांदा हात धजत नाही. करून बघा, सनई ऐकू येते आणि आजी कळते.

पूर्वीच्या शूटिंगवाल्यांनी यातून सरळ पळवाट काढली होती. कॅसेटच्या काळात लग्नातला मूळ आवाज पुसून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. त्यामुळे अनेक घरांत आजोबा हसताना दिसतात, बोलताना दिसतात, ऐकू येत नाहीत. मला तरी ही पळवाट महाग पडलेली वाटते.

७. रेघ आणि ठिपके

आजी थांबली की सनई जरा वर यावी, बोलली की खाली जावी, हे कसं साधायचं? टाइमलाइनवर प्रत्येक आवाजाच्या पट्टीतून एक आडवी रेघ जाते. ती व्हॉल्यूमची रेघ. तिच्यावर ठिपके देता येतात, सॉफ्टवेअरमध्ये त्यांना कीफ्रेम म्हणतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये रेघ तिरपी होते आणि आवाज तसाच हळूहळू चढतो किंवा उतरतो.

बोलणं सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी एक ठिपका, बोलणं सुरू होताना दुसरा खाली. बोलणं संपल्यावर लगेच वर नेऊ नका, एक-दीड सेकंद घेऊन न्या. उतार झटपट, चढ सावकाश, म्हणजे कुणी हात फिरवला हे कळत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये हेच काम आपोआप करणारं ‘डकिंग’ नावाचं बटण असतं. लांब व्हिडिओला ते चांगलं. पण आजी दर वाक्यात दोनदा थांबत असेल तर ते सनईला झोका देत बसतं. तिथे हातच बरा.

कूलरच्या फुगण्यालाही हाच उपाय. आजी थांबते त्या जागी तिच्या क्लिपची रेघ सहा-आठ डेसिबल खाली घ्या. आवाज पूर्ण बंद करू नका. एकदम पूर्ण शांतता झाली तर टीव्ही बंद पडला की काय असं वाटतं. आणि जिथे जिथे क्लिप कापली आहे तिथे दोन-तीन फ्रेमचा फेड, म्हणजे आवाजाचा हळू चढ-उतार, द्या, नाहीतर प्रत्येक जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो.

आजीसोबत मामाही बसला आहे आणि तो बोलत नाही, गर्जतो. दर वाक्याला ठिपके देत बसण्यापेक्षा इथे कॉम्प्रेसर वापरावा. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कोणत्या रेषेच्या वर दाबायचं आणि किती दाबायचं. समजा रेष उणे २० आणि प्रमाण तीनास एक. आजी उणे २२ वर, रेषेखाली, तिला तो हात लावणार नाही. मामा उणे ८ वर, रेषेपेक्षा १२ वर. बाराचे चार होतात, मामा उणे १६ वर येतो. आधी दोघांत १४ डेसिबलचं अंतर होतं, आता ६. मग दोघांना मिळून ८ वाढवा: मामा पुन्हा उणे ८, आजी उणे १४. मामा होता तिथेच, आजी वर आली. प्रमाण दहास एक वगैरे केलंत तर मात्र बोलणं गुदमरल्यासारखं होतं आणि कूलर पुन्हा दम टाकू लागतो.

८. अंभोऱ्याचा वारा

चौथ्या क्लिपचं लवकर आटोपतं. अंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला अशी परंपरा आहे. पुलावरून दिसणारं पाणी बघण्यासारखं, पण वारा अडवायला तिथे काही नाही. माइकवर आदळणारा वारा म्हणजे प्रामुख्याने खर्जातली धडधड. व्हॉल्यूम कमी केलं तर नवरीचं बोलणंही जातं. त्यापेक्षा ‘हाय पास’ नावाचा फिल्टर लावा आणि ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. बोलणं समजायला तो भाग लागत नाही. धडधड बरीच उतरते. तरी शब्द लागत नसतील तर मूळ आवाज २० टक्क्यांवर ठेवून वर देवळातल्या घंटेचा आवाज किंवा संगीत द्या. या क्लिपला बोलण्याची गरज नाही, ती बघायची आहे. पुढच्या वेळी पाठ वाऱ्याकडे करून, मोबाइल अंगाच्या आडोशाला धरून शूटिंग करावं.

९. बाहेर पाठवण्याआधी

मास्टरवर ‘लिमिटर’ असेल तर तो उणे १ वर लावा, म्हणजे राहून गेलेला एखादा ठोका काठ ओलांडणार नाही. एक्सपोर्टमध्ये आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ हा व्हिडिओसाठी रुळलेला आकडा आहे, तो तसाच ठेवा.

मग ऐकून बघा, आणि एकाच जागी नाही. मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज जवळपास येतच नाही, म्हणून मोबाइलवर ऐकून धुमाल बसवलात तर टीव्हीवर तो भिंती हलवील. रात्री सगळे झोपल्यावर आवाज अगदी बारीक करून काम करणाऱ्यांचीही हीच फसगत होते. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवलं की आवाज लहान झाला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर आधी कमी ऐकू येतात. बारीक आवाजात ढोल गायब वाटतो, आपण तो वाढवतो, आणि सकाळी टीव्हीवर घोटाळा कळतो. साध्या बोलण्याइतक्या आवाजावरच पातळी ठरवावी.

शेवटची तपासणी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून करून घ्या, आणि कूलर चालू ठेवून. वयाबरोबर वरचे स्वर ऐकू येणं कमी होतं. ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखी अक्षरं त्या स्वरांवरच ओळखू येतात, म्हणून बोलण्याखालचं संगीत म्हाताऱ्या माणसाला आपल्यापेक्षा किती तरी जास्त नडतं. आपल्याला शब्द आधीच पाठ झालेले असतात, म्हणून आपला कान इथे साक्षीदार म्हणून कामाचा नाही. ‘काय म्हणते ते समजून नाही राहिलं’ असं उत्तर आलं तर बोलणं वर नेऊ नका. सनई आणखी ३ डेसिबल खाली घ्या, आणि पुन्हा विचारा.